कच्चे मडके आणि पुड्यातला खाऊ

आम्ही तेरणाकाठचे लोक. वर तेरला गोरोबाकाकांची समाधी आहे, आणि तेरवरून वाहत येणारे तेच पाणी आमच्या माकणीला निम्न तेरणा धरणात अडते. चैत्र वद्य त्रयोदशीला काकांच्या दर्शनाला जाणाऱ्यांना काकांच्या थापटण्याची गोष्ट सांगायला नको. संतमंडळी जमली होती. मुक्ताईने विचारले, काका, यातले पक्के मडके कोणते आणि कच्चे कोणते? काकांनी थापटणे घेतले आणि एकेकाच्या डोक्यावर ठोकीत चालले. बाकीचे स्वस्थ बसले, नामदेवराय तेवढे कुरकुरले. काकांनी निवाडा दिला, हे मडके अजून कच्चे आहे.

या कथेचा परमार्थातला अर्थ कीर्तनकार आपल्याला नेहमी सांगतात. आज आम्ही तिच्यातल्या एका साध्या गोष्टीकडे बोट दाखवणार आहो. नामदेवरायांना आपण कच्चे आहो हे ठाऊकच नव्हते. कच्चे मडके आणि आव्यातून निघालेले मडके नुसत्या डोळ्यांनी ओळखायला जाल तर फसाल. ठोकल्यावर नाद येतो, तेव्हा कळते.

देहाच्या मडक्याचेही असेच आहे. २०२३ साली एका मोठ्या पाहणीचे आकडे प्रसिद्ध झाले. त्यांप्रमाणे आपल्या देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे, आणि आणखी साडेतेरा कोटींच्या वर लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. यातल्या कित्येकांना त्याची वार्ताही नाही. दुखत नाही, खुपत नाही, मग दवाखान्यात कशाला जायचे, असे आपले खेड्यातले शहाणपण. पूर्वी 'साखर' हा शहरातल्या गादीवर बसणाऱ्या शेठजीचा रोग म्हणत. आता टाळ वाजवणाऱ्यांतही दोन-चार जण भजनाच्या मध्यंतरात खिशातून गोळी काढताना दिसतात. हे आले कोठून?

कोणी म्हणेल, महाराज, हे तर आरोग्यखात्याचे काम, परमार्थाच्या मासिकात कशाला? त्याला आमचे उत्तर असे की, ज्या पायांनी पंढरीची वाट चालायची ते पाय मधुमेहाने बधिर झाले, तळव्याला काटा बोचलेला कळेना आणि जखम भरेना, तर वारी कोणी करायची? गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी अति खाणारा आणि मुळीच न खाणारा अशा दोघांनाही योग साधत नाही म्हणून बजावले आहे. सतराव्यात तर अन्नाचे तीन वर्गच पाडले. अति खारट, अति आंबट, अति तिखट ते राजस, आणि त्याचे फळ दुःख व रोग. शिजवून फार वेळ झालेले, शिळे, ते तामस. आता पुड्यावरची तारीख वाचा. चार-सहा महिन्यांपूर्वी तळून, खारवून, पिशवीत कोंडलेला तो पदार्थ कोणत्या वर्गात बसतो, हे आम्ही सांगायचे काय?

माकणी घ्या, सास्तूर घ्या, लोहारा घ्या. दिवे लागले की गाड्यावर मंचुरियन, नूडल्स, समोसे, वडापाव. वडापावाशी आमचे वैर नाही. १९६६ च्या सुमारास मुंबईत दादर स्टेशनाबाहेर तो निघाला आणि घाईतल्या कामकऱ्याची भूक त्याने भागवली. बाजाराच्या दिवशी माणसाने एक खाल्ला म्हणून आकाश कोसळत नाही. पण बाजार आठवड्यातून एकदा भरतो आणि वडापाव रोज खाल्ला जातो, तिथे घोटाळा आहे.

पावातला आणि नूडल्समधला मैदा म्हणजे गव्हाचा कोंडा व अंकुर काढून टाकून उरलेला नुसता पांढरा गर. तो पोटात जाताच झपाट्याने विरघळतो, रक्तातली साखर एकदम चढते, आणि तासा-दोन तासांत पुन्हा भूक लागते. भाकरीचे तसे नाही. ती सावकाश पचते आणि कोंड्यामुळे कोठाही साफ ठेवते. दुसरी गोष्ट तेलाची. एकाच कढईतले तेल सकाळपासून रात्रीपर्यंत उकळत राहिले म्हणजे त्यात घातक घटक वाढतात. १ जुलै २०१८ पासून असा नियमच आहे की, असे घटक शंभरात २५ च्या वर गेले तर ते तेल तळणाला वापरू नये. नियम कागदावर आणि तेल कढईत. तेव्हा तेल काळे, दाट, फेसाळलेले दिसले की आपणच पाठ फिरवावी. तिसरी गोष्ट वनस्पती तुपाची. त्यातली ट्रान्स फॅट नावाची चरबी हृदयाच्या वाहिन्या बुजवते. १ जानेवारी २०२२ पासून तेला-तुपात तिचे प्रमाण शंभरात २ हून जास्त असू नये असे सरकारने ठरवले आहे. आणि मीठ! जागतिक आरोग्य संघटना सांगते, दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे लहान चमचाभर. पुड्यातल्या खाऊत त्यातला मोठा वाटा एका बैठकीत संपतो. मग रक्तदाब वाढतो, आणि त्याचा भार मूत्रपिंडावर पडतो. (आपल्या घरचे लोणचे, पापड, खारवलेल्या मिरच्या यांचीही यात सुटका नाही.) थंड पेयाच्या ३०० मिलिलिटरच्या बाटलीत सहा-सात चमचे साखर असते. चहात कोणी सात चमचे घातले तर आपण त्याला वेडा म्हणू. बाटलीतून मात्र कौतुकाने पितो.

माळकऱ्यांना एक वेगळे सांगणे आहे. गळ्यात तुळशीची माळ घातली, मद्य-मांस सोडले, ही मोठी गोष्ट झाली. पण तेवढ्यावर आपला आहार शुद्ध झाला असे समजू नये. हिरवा शाकाहारी ठिपका पाहून पुडा घ्यावा आणि त्यातल्या मिठा-तेलाकडे डोळेझाक करावी, ही स्वतःची फसवणूक आहे.

आणि एकादशी! 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण काही परक्यांनी आपल्यासाठी केलेली नाही. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो मूळचा दक्षिण अमेरिकेचा. ज्ञानोबा-नामदेवांच्या काळी तो या देशात नव्हताच. त्यात पिठूळ सत्त्वाशिवाय फारसे काही नाही. त्याचे तेलात तळलेले वडे, वर बटाट्याचे वेफर्स, वर गोड चहा, आणि संध्याकाळी छातीत जळजळ. हा उपवास की राजस भोजन? वरई, रताळे, मूठभर शेंगदाणे, ताक, एखादे फळ, एवढ्यावर एकादशी उत्तम पार पडते, आणि रात्री जागरणात जांभया येत नाहीत.

आता थोडे स्पष्ट बोलतो, रागावू नये. आषाढीला दिंड्या चालू लागल्या की रस्तोरस्ती दाते उभे असतात. त्यांची श्रद्धा मोठी आहे. पण अलीकडे वारकऱ्याच्या हाती काय पडते? बिस्किटाचा पुडा, वेफर्सची पिशवी, रंगीत पाण्याची बाटली. म्हातारी माणसे, त्यांतली कितीतरी साखरेची नि दाबाची. नको म्हणावे तर दात्याचा अपमान, खावे तर देहाचे हाल. अन्नदान हे घेणाऱ्याच्या पोटाकडे पाहून करावे. तेवढ्याच पैशात उकडलेल्या शेंगा, फुटाणे, केळी, पिठले-भाकरी, गार ताक होते. काल्याची कथा आठवा. गोपाळांनी घरून आणलेल्या शिदोऱ्या एकत्र केल्या, तो काला. गरिबाघरची शिळी भाकरी त्यात चालली, कारण ती घरची होती. आमचे सप्ताहाच्या मंडळींना सांगणे आहे की, काल्याच्या दिवशी लाह्या, पोहे, दही एवढेच असू द्या. मुलांना वाटायला पुडे आणू नका.

मुलांचा विषय निघाला म्हणून सांगतो, मुलाच्या हाती पुडा दिला म्हणून आईला दोष देणे सोपे आहे. आम्ही तो देणार नाही. ती सोयाबीन काढायला उजाडता रानात जाते, पोर रडते, पाच-दहा रुपये हातावर ठेवल्याशिवाय तिचा पाय निघत नाही. शिवारातली ज्वारी हटली आणि सोयाबीन आले, तेव्हा घरातली कणगीही रिकामी झाली. भाकरी जी गेली ती आळसाने नव्हे, या हिशोबाने गेली. १९७२ च्या दुष्काळात आपल्या वडीलधाऱ्यांनी परदेशातून आलेली तांबडी मिलो आणि कामावरची सुकडी खाऊन दिवस काढले. तेव्हा खायला नव्हते म्हणून देह झिजले. आज पोट भरलेले आणि देह तरी उपाशीच.

मग करावे काय? घरच्या पुरती तरी अर्धा एकर शाळू पेरावी, असे शेतकरी बंधूंना आमचे मागणे आहे. भाकरीशी कारळाची किंवा जवसाची चटणी, हुलग्याचे माडगे, अंबाडीची भाजी, हे आपले जुने धन आहे. सावता महाराजांना मळ्यातल्या भाजीतच विठ्ठल दिसला, आणि आपली मुले ताटातली भाजी कडेला सारतात. पोराला चमचमीत लागते हे खरे, तर रात्री चुरमुऱ्यांचा सुशीला करा, सकाळी धपाटे करून डब्यात द्या. पाच रुपयांच्या पुड्याहून महाग पडत नाही. शाळेत आणि शाळेच्या कुंपणापासून ५० मीटरांत असले चरबी-मीठ-साखरेचे पदार्थ विकू नयेत असा नियम २०२० साली झाला आहे. तो पाळला जातो की नाही हे शाळा समितीवरच्या आपल्याच माणसांनी पाहावे. गूळ म्हणजे औषध, हाही एक गैरसमज काढून टाका. साखरेच्या रोग्याला गूळही साखरच.

तिशी ओलांडलेल्याने वर्षातून एकदा सरकारी दवाखान्यात रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी. दंडावरचा तो पट्टा म्हणजे काकांचे थापटणेच समजा. नाद कच्चा आला तर नामदेवरायांसारखे रुसू नये. ते रुसले खरे, पण पुढे औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे गेलेच.

जे आधीच मधुमेहाचे औषध घेतात, त्यांना वारीपूर्वी एक सावधगिरी. इन्सुलिन किंवा गोळी घेऊन निर्जळी एकादशी करणे आणि वर पाच-सहा कोस चालणे जिवावर बेतते. साखर एकाएकी उतरते, घाम सुटतो, हात कापतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. अशा वेळी पथ्य बाजूला ठेवून लगेच साखर किंवा गूळ तोंडात टाकावा, आणि थोड्या वेळाने पोटभर खावे. निघण्यापूर्वी डॉक्टरांना औषधाची मात्रा विचारून घ्यावी, उपवास करावा की नाही तेही विचारावे. अनवाणी चालण्याचा हट्ट अशांनी धरू नये, आणि रोज मुक्कामाला पोचल्यावर दोन्ही तळवे कोणाकडून तरी पाहून घ्यावेत. जवळ एका लहान पिशवीत साखरेची पुडी, फुटाणे आणि औषधाची चिठ्ठी असावी. ती पिशवी कमरेला बांधावी, दिंडीच्या सामानाच्या गाडीत टाकू नये. गाडी पुढच्या मुक्कामाला केव्हाच गेलेली असते.