पुसणं

आवडता दिग्दर्शक कोण असं कुणी विचारलं की मी सुमित्रा भावे हे नाव घेतो. समोरचा क्षणभर थांबतो. ‘चांगल्या होत्या,’ म्हणतो. ‘विषय चांगले असायचे त्यांचे.’ आणि मग जरा चाचरत, ‘पण शैली अशी काय होती?’

दादरला एका मित्राने हे विचारलं तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो सिनेमातला जाणकार. त्याने भराभर दाखले दिले. शांतारामबापू म्हटलं की ‘कुंकू’मधलं भिंतीवरचं घड्याळ आठवतं. नागराज मंजुळे म्हटलं की ‘फँड्री’च्या शेवटी आपल्या अंगावर येणारा दगड. ‘कोर्ट’मध्ये चैतन्य ताम्हाणेचा कॅमेरा लांबवर एका जागी ठाण मांडून बसतो. जपानचा ओझू तर चटईवर बसलेल्या माणसाच्या उंचीवरून जग बघायचा. ‘भावेबाईंचं असं एक सांग,’ तो म्हणाला. मला एक हत्ती आठवला, एक अडलेली गाय आठवली, कुणीतरी कुणाला तरी भरवत असलेला घास आठवला. ही काही शैली नव्हे. मी गप्प बसलो.

परतताना भाईंदरला उतरून उत्तनची बस पकडली. तारोडीला जायचं तर हाच रस्ता. मुर्धा, राई, मोर्वा मागे पडतात, मिठागरं संपतात, आणि खिडकीतून येणारी हवा बदलली की आम्हाला न बघताही कळतं, घर जवळ आलं. बसमध्ये मासळी विकून परतणाऱ्या बायका होत्या, पायाशी रिकाम्या पाट्या. एक खिडकीला डोकं टेकून बसली होती. शेजारचीने विचारलं, ‘काय गं, अंग तापलंय काय?’ आणि उत्तर यायच्या आत तिच्या कपाळाला हात लावून बघितला. मला वाटलं, हा भावेबाईंचा शॉट. मात्र त्यांनी कॅमेरा तापलेल्या बाईवर ठेवला नसता, हात लावणारीवर ठेवला असता.

मित्राला फोन करावासा वाटला. पण नीट जुळवून सांगता आलं नसतं, म्हणून हे लिहून काढतोय.

‘अस्तु’ घ्या. संस्कृतचे गाढे पंडित शास्त्रीबुवा, म्हणजे डॉ. मोहन आगाशे, स्मृतिभ्रंशाने हळूहळू कोरे होत चाललेत. मुलगी त्यांना गाडीत बसवून दुकानात जाते. तेवढ्यात रस्त्यावरून हत्ती जातो आणि म्हातारा लहान मुलासारखा त्याच्या मागे निघून जातो. अशा आजारावरचा कुठलाही सिनेमा इथून रुग्णाच्या डोक्यात शिरला असता: धूसर चित्रं, तुटक आवाज, आठवणींचे तुकडे. भावेबाई तिकडे फारशा जातच नाहीत. त्या बघतात माहुताच्या बायकोकडे. अमृता सुभाषने केलेली ही कानडी बोलणारी फिरस्ती बाई. तिला आजाराचं नाव माहीत नाही, म्हाताऱ्याची विद्वत्ता माहीत नाही, त्याची भाषाही नीट येत नाही. म्हातारा तिला आई म्हणू लागतो आणि ती होते आई. न्हाऊ घालते, भरवते. इकडे मुलगी अपराधाने अर्धमेली होऊन शहरभर शोधतेय. ती वाईट मुलगी आहे असं सिनेमा एकदाही म्हणत नाही. जिने वर्षानुवर्षं केलं ती थकलीय, आणि जिला दोन दिवस करायचंय ती ताजी आहे, हाही हिशेब त्यात आहे. अमृता सुभाषला या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि संवादांसाठी भावेबाईंना.

माझी आत्या अशीच कोरी होत गेली. दुपारी डोळा चुकवून निघायची, ‘शेतावर जाते’ म्हणून. शेत कधीच विकलं होतं, तिथे आता कुणाचा तरी बंगला आहे. एकदा ती थेट उत्तनच्या बंदरावर पोचली. आम्ही तीन तास गावभर धावत होतो. सापडली तेव्हा बोंबील वाळत घालायच्या वलांडीपाशी बसली होती आणि एका अनोळखी कोळणीबरोबर बोंबील जोडत होती. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर टाकायची. नाव विसरलेली बाई हे मात्र चुकत नव्हती. कोळीण म्हणाली, ‘नाव सांगंना, गाव सांगंना, म्हटलं हाताला काम द्यावं. घरचं माणूस येईलच.’ मी रडकुंडीला आलो होतो आणि ती शांत होती. ‘अस्तु’ मी त्यानंतर बघितला. आधी बघितला असता तर माहुताची बायको मला थोडी खोटी, थोडी पटकथेच्या सोयीची वाटली असती. खोटी नव्हती. फक्त मी तोवर तिच्याकडे बघितलं नव्हतं.

भावेबाई सिनेमात आल्या त्या वयाच्या बेचाळिशीत, आणि सिनेमातून आल्याच नाहीत. जन्म पुण्याचा, १२ जानेवारी १९४३. समाजकार्याचं शिक्षण मुंबईत टाटा इन्स्टिट्यूटमध्ये, मग पुण्याच्या कर्वे समाजसेवा संस्थेत शिकवणं. वस्तीतल्या बायकांचा अभ्यास करताना त्यांना एक गोष्ट टोचली: आपण ज्यांच्याविषयी लिहितो त्यांच्यापर्यंत आपलं लिहिलेलं पोचतच नाही. म्हणून १९८५ मध्ये ‘बाई’ हा लघुपट. दोन वर्षांनी ‘पाणी’. दोन्हींना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. मला मात्र जास्त महत्त्वाचं वाटतं ते १९८८ मधलं पुस्तक, ‘पॅन ऑन फायर’. आठ दलित बायकांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलेली आयुष्यं भावेबाईंनी ऐकून टिपली आणि गौरी देशपांडेंनी ती इंग्रजीत नेली. पूर्ण लांबीचा चित्रपट करण्याआधी त्यांनी किती वर्षं नुसतं ऐकण्याचं काम केलं होतं, हे या पुस्तकावरून कळतं. दिग्दर्शकाचा डोळा म्हणतात. यांचा आधी कान तयार झाला होता.

मग सुनील सुकथनकर आले. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून शिकलेले, वयाने बरेच लहान. लेखन भावेबाईंचं, बऱ्याचदा कलादिग्दर्शनही, गाणी सुकथनकरांची आणि दिग्दर्शन दोघांचं. १९९५ च्या ‘दोघी’पासून जवळजवळ पाव शतक हे चाललं. दोन स्वयंपाकी एका पातेल्यात डाव घालतात तेव्हा काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. इथे तसं झालं नाही. माझा अंदाज असा की ज्याला स्वतःची सही उमटवायची घाई असते त्यालाच दुसऱ्याचा हात अडचणीचा वाटतो. ‘शैली काय’ या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच असावं.

उरलेलं अर्धं एका शब्दात आहे. आपण म्हणतो विचारपूस. त्यातलं ‘पूस’ म्हणजेही विचारणंच. जुन्या मराठीत पुसणं म्हणजे विचारणं, आणि आजच्या मराठीत पुसणं म्हणजे डोळे, घाम, फरशी पुसणं. व्याकरणवाले सांगतील की ही दोन वेगळी क्रियापदं, मुळं वेगळी. असतील. पण आमच्या गावात कुणाच्या घरातलं कुणी गेलं की बायका भेटायला येतात, दारातच ‘कसं झालं?’ म्हणतात आणि त्याच श्वासात पदराने समोरचीचे डोळे टिपतात, तेव्हा ती एकच क्रिया असते. भावेबाईंचा सिनेमा मला या दोन पुसण्यांच्या मधोमध उभा दिसतो. तो प्रश्न विचारतो खरा, पण विचारताना हात रिकामा ठेवत नाही.

आणि कधी विचारू नये, हेही त्याला कळतं. ‘कासव’मध्ये मनगट कापून घेतलेला एक तरुण जानकीला भेटतो. ती स्वतः नैराश्यातून नुकती कुठे बाहेर येतेय. ती त्याला समुद्रकाठच्या घरी घेऊन जाते. नाव नाही, गाव नाही, ‘का केलंस’ तर नाहीच. पोरगा चिडचिडतो, कोंडून घेतो, जेवत नाही. ती ताट ठेवते आणि जाते. किनाऱ्यावर दत्ताभाऊ कासवांची अंडी राखताहेत, जसं कोकणात वेळासला आणि इतरत्र प्रत्यक्ष चालतं. घरट्याला कुंपण घालायचं, कुत्र्या-कोल्ह्यांपासून जपायचं, पण पिल्लांनी वाळूवरून समुद्राकडे स्वतःच जायचं. रूपक उघड आहे, जरा जास्तच उघड, हे मी मान्य करतो. तरी या सिनेमात जानकी झालेल्या इरावती हर्षेची जी दमदार शांतता आहे ती रूपकातून येत नाही. तिला विचारायचंय आणि ती विचारत नाहीये, हे तिच्या चेहऱ्यावर प्रत्येक दृश्यात दिसतं. २०१६ च्या राष्ट्रीय पुरस्कारांत ‘कासव’ला सुवर्णकमळ मिळालं. ‘श्यामची आई’, ‘श्वास’, ‘देऊळ’, ‘कोर्ट’ यांच्यानंतर हा मान मिळवणारा तो पाचवा मराठी चित्रपट.

सुवर्णकमळ मिळालेला सिनेमा आमच्या बाजूला किती दिवस चालला म्हणता? मी गेलो त्या दिवशी खेळ रद्द झाला, कारण तिकिटं दोन. दुसरं तिकीट कुणाचं ते शेवटपर्यंत कळलं नाही. ‘अस्तु’ही २०१३ चा, पण चित्रपटगृहात यायला त्याला २०१६ उजाडलं. याचं खापर नेहमी प्रेक्षकांवर फोडतात. मला ते पुरतं पटत नाही. दिवसभर घरी कुणाची तरी शुश्रूषा करून आलेल्या माणसाला पुन्हा तेच पडद्यावर बघ म्हणणं हे थोडं क्रूरच आहे.

दोष नाहीत असं नाही. काही वेळा या सिनेमात समाजकार्याच्या वर्गातला फळा डोकावतो. ‘नितळ’मध्ये कोड असलेल्या डॉक्टर मुलीची गोष्ट आहे, देविका दफ्तरदारने ती जपून केलीय, पण आजूबाजूची माणसं आळीपाळीने आपापलं मत मांडायला आल्यासारखी वाटतात. ‘बाधा’तही तसं होतं. ‘देवराई’मध्ये अतुल कुलकर्णीने स्किझोफ्रेनिया असा उभा केलाय की समजावून सांगणारी वाक्यं मधे आली की त्रास होतो, गप्प बसा म्हणावंसं वाटतं. याउलट ‘दहावी फ’. शाळेची मोडतोड करणारी ‘वाया गेलेली’ मुलं आणि त्यांच्या मागे उभे राहणारे देशमुख सर. विषयच शिकवणीचा, तरी शिकवणी लागत नाही, कारण पोरं खरी आहेत, त्यांच्या अंगाला मातीचा वास आहे. आणि ‘दोघी’त तर कुणीच काही समजावत नाही. लग्नाच्या दिवशी अपघात होतो, थोरली गौरी अपशकुनी ठरते, मुंबईला धाडली जाते, आणि तिथून तिने पाठवलेल्या पैशांवर घर चालतं. पैसे चालतात, ती चालत नाही. उत्तरा बावकरांनी केलेली आई हे सगळं चेहऱ्यावर झेलते. भावेबाई जेव्हा स्वतःच्या कानावर विश्वास ठेवतात तेव्हा त्यांना वाक्यांची गरज उरत नाही. त्यांचा पहिला मोठा सिनेमा आणि शेवटचा, दोन्ही असे आहेत. मधल्या वाटेवर त्या थोडं बोलल्या, इतकंच.

शेवटचा म्हणजे ‘दिठी’. दि. बा. मोकाशींच्या ‘आता आमोद सुनासि आले’ या कथेवरचा, आणि दिग्दर्शन एकट्या भावेबाईंचं. १९ एप्रिल २०२१ ला त्या गेल्या. ‘दिठी’ मे महिन्यात घरोघरच्या पडद्यांवर आला. त्याच आठवड्यात, १७ मेला, तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्यावरून गेलं. उत्तनच्या होड्या, पाली-चौकचे पत्रे, आमच्या मागचा शेवगा, सगळ्याची एकच गत. काही दिवस वीज नव्हती. आली तेव्हा मोबाईल भरून घेतला आणि रात्री आत्याच्या खाटेशी बसून ‘दिठी’ लावला. तिला एकटं सोडता येत नव्हतं, म्हणून.

पडद्यावरही पाऊसच. किशोर कदमांचा रामजी लोहार, तीस वर्षं वारी केलेला, आणि पोटचा तरणा मुलगा पुरात गेलेला. आता त्याला विठ्ठल नको, पोथी नको, नातीचं तोंडही नको. बाहेर सरी कोसळताहेत, आत पोथीला बसलेली मंडळी त्याच्याविषयी हलक्या आवाजात बोलताहेत. सांत्वन करायला प्रत्येकाकडे काहीतरी आहे आणि कुणाचंच पुरत नाही. मग निरोप येतो, एका घरी गाय अडलीय. गाई सोडवण्यात रामजीचा हात धरणारा दुसरा कुणी नाही. तो उठतो. कंदिलाच्या उजेडात, गोठ्यात, गाईच्या पोटावर हात फिरवत तिच्याशी बोलू लागतो. इतका वेळ ज्याची सगळे विचारपूस करत होते तो आता गाईची करतोय.

आत्या डोळे मिटून पडली होती. झोपली असावी असं वाटलं, म्हणून मी आवाज कमी केला. सिनेमा संपला, मोबाईल बंद केला, बाहेर पुन्हा पाऊस लागला होता. मध्यरात्री कधीतरी तिच्या हाकेने जाग आली. मला ती माझ्या वडिलांच्या नावाने हाक मारायची.

‘गाय मोकळी झाली काय रे?’

‘झाली आत्या.’

‘काय झालं? पाडी?’

मी हो म्हणालो. ती थोडा वेळ गप्प होती. मग अंधारातच चादर बाजूला करून उठायला लागली.

‘बाप्याला पाणी दिलंस काय? सोडवून दमला असंल तो.’