साठवणीचा धर्म

आदिलाबाद जिल्ह्याचे हवामानच माणसाला दूरदृष्टी शिकविणारे आहे. पौषात तेथे कडाक्याची थंडी पडते आणि वैशाखात जमीन होरपळून निघते. हिवाळ्यात परसातल्या वाफ्यांत मुळा, गाजर, बीट, मेथी यांची रेलचेल असते. उन्हाळ्यात तेच वाफे उघडे पडतात. म्हणून पैनगंगेच्या दोन्ही तीरांवरील घरांत साठवणीची एक विद्याच सिद्ध झाली. मराठी घरांत सांडगे आणि वाळविलेली गवार, तेलुगू घरांत वडियालु. आमची अंबाडी तिकडे गोंगुरा होते, पण मीठ व तेल घालून ती टिकविण्याची बुद्धी एकच. कोकणी घरांत याच बुद्धीने फणसाचे गरे मिठाच्या पाण्यात मुरत ठेवतात. हा जिल्हा १९५६ साली हैदराबाद राज्यातून आंध्र प्रदेशात गेला आणि २०१४ साली तेलंगणात आला. उन्हात पसरलेल्या वाळवणाला मात्र या सीमा कळल्या नाहीत.

परंतु साठविणे हा गुण की दोष? पतंजलींनी यमांमध्ये अपरिग्रह सांगितला. मनुस्मृतीने कोठीभर धान्य बाळगणाऱ्या गृहस्थापेक्षा उद्याचीही तरतूद न करणारा श्रेष्ठ मानला. उलट, तैत्तिरीय उपनिषदाने अन्न पुष्कळ करावे हे व्रत घालून दिले. गृहस्थाने मग कोणाचे ऐकावे?

उत्तरासाठी बिटाच्या कंदाकडेच पाहू. ही वनस्पती पहिल्या वर्षी मुळात साखर साठविते आणि दुसऱ्या वर्षी त्याच शिदोरीवर तुरा काढून बी धरते. तिचा संग्रह पुढच्या पिढीसाठी असतो. तो टिकविण्याची रीतही बोधप्रद आहे. पाला ओलावा ओढून घेतो, म्हणून तो कंदाच्या दोन बोटे वर मुरगाळून काढावा. मूळ छाटू नये. थंड, अंधाऱ्या जागी ओलसर वाळूत कंद एकमेकांस न लागतील असे मांडावेत आणि नासलेला एखादा वेळीच उचलावा. ज्या साठ्याकडे मालकाचे लक्ष नाही, तो साठा नव्हे. ती केवळ अडगळ होय.

येथेच साठवण आणि साठेबाजी यांतील भेद स्पष्ट होतो. सांडगे घालणारी गृहिणी काळाशी झुंजते. साठेबाज शेजाऱ्याशी झुंजतो. इतरांची चणचण हाच त्याचा नफा. १९५५ च्या अत्यावश्यक वस्तू कायद्याचा रोख त्याच्यावर आहे, तिच्यावर नाही.

कोणी म्हणेल, अडीअडचणीसाठी म्हणून ठेवायचे ठरविले तर त्याला अंत कोठे? आक्षेप खरा आहे, कारण भयाला माप नसते. पण ऋतूला असते. पुढचा हंगाम येईपर्यंत पुरेल ती तरतूद, त्यापलीकडचा परिग्रह.

आणि आणखी एक कसोटी आहे. तैत्तिरीयात अन्न वाढविण्याच्या व्रतापाठोपाठच, आश्रयास आलेल्या कोणालाही नाकारू नये, हे व्रत येते. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा आपल्याला वंद्य वाटते ती कोठार भरल्याबद्दल नव्हे, दुष्काळात ते उघडल्याबद्दल. तथापि कोठार रिते असते तर उघडून तरी काय साधले असते? देवळातल्या समाराधनेला आपण भरल्या हाताने जातो, तेव्हा सुगी असते. खरी परीक्षा ज्येष्ठात, शेजारच्या घरी भाजी नसताना. त्या दिवशी आपल्या बरणीचे झाकण निघाले, तर ती साठवण धर्माची.