सभागृहात दिलेला शब्द

मार्च 2023 मध्ये दिंडोरीहून मुंबईकडे निघालेला शेतकरी-आदिवासींचा लाँग मार्च वाशिंदला येऊन थांबला. बोलणी झाली होती, बऱ्याच मागण्या मान्यही झाल्या होत्या, तरी माणसे परतेनात. 17 मार्चला मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत निवेदन केले. तरीही खालच्या कचेऱ्यांना आदेश सुटल्याची खात्री होईपर्यंत मोर्चा हलला नाही. दुसऱ्या दिवशी तो मागे घेतला गेला. या चिकाटीमागे 2018 चा अनुभव होता. त्या वर्षीच्या अशाच मोर्चात आझाद मैदानावर लेखी आश्वासन हाती पडले होते, पण कसत असलेल्या वनजमिनींचे असंख्य दावे पुढे वर्षानुवर्षे पडून राहिले. मंत्र्याने दालनात दिलेला शब्द आणि सभागृहात दिलेला शब्द यांतला फरक या माणसांना पुस्तक न उघडता कळला होता. राज्यघटनेच्या अनुच्छेद 164 नुसार मंत्रिमंडळ सामूहिकरीत्या विधानसभेला जबाबदार असते. विधान परिषदेला नाही. परिषद चर्चा करू शकते, धनविधेयक चौदा दिवस ठेवून घेऊ शकते, पण सरकार पाडू शकत नाही. लोकांनी थेट निवडलेल्या सभागृहापुढे मंत्री जे बोलतो ते कार्यवृत्तात नोंदले जाते आणि पाळले गेले नाही तर आश्वासन समिती त्याचा जाब विचारू शकते. दालनातल्या बोलण्याला असा मागोवा नसतो.

डहाणू-तलासरीला या जबाबदारीची किंमत इतरांहून अधिक कळायला हवी, कारण ती नसताना काय होते हे या मुलखाने पाहिले आहे. वेठबिगारी आणि लग्नाच्या कर्जापायी जन्मभर सावकाराच्या दारात राबणारी लग्नगडी पद्धत यांविरुद्ध वारली 1945 मध्ये उठले. 10 ऑक्टोबरला तलासरीत गोळीबार झाला आणि जेठ्या गांगड व त्यांचे साथी मारले गेले. पुढच्या वर्षी मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे निवडून आलेले सरकार अधिकारावर आले, तेही विधानसभेला जबाबदार असलेले. पण मताचा हक्क मालमत्ता, कर आणि शिक्षण यांवर बेतलेला होता. गवत कापणाऱ्या वारल्याला त्या सभागृहात आवाज नव्हता. म्हणून या लढ्याचे नेते शामराव आणि गोदावरी परुळेकर यांना जिल्ह्यातून हद्दपार करताना सरकारला त्याच्या मताची धास्ती वाटण्याचे कारण नव्हते. 1957 मध्ये तेच शामराव ठाण्यातून लोकसभेवर निवडून गेले. दहा-बारा वर्षांतला हा बदल प्रौढ मताधिकाराने घडवला, आणि सभागृहाच्या अधिकाराचे मूळही त्यातच आहे.

यावर सरळ आक्षेप असा की हे सारे कागदावर. 288 आमदारांच्या सभागृहात डहाणूचे विनोद निकोले हे 2019 मध्येही आणि 2024 मध्येही आपल्या पक्षाचे एकटेच. पक्षांतरबंदी कायद्यामुळे सत्तापक्षाचा सदस्य पक्षादेशाबाहेर मत देऊ शकत नाही, मग एकट्याच्या प्रश्नाने काय होणार? आक्षेपात तथ्य आहे. पण पक्षादेश मतदानाला बांधतो. तारांकित प्रश्नाला, लक्षवेधीला तो आडवा येत नाही. प्रश्न विचारायला बहुमत लागत नाही. 2023 मध्ये वनहक्कांसाठी नेमलेल्या समितीत माजी आमदार जे. पी. गावित यांच्याबरोबर निकोले होते; ती जागा पक्षाच्या आमदारसंख्येने मिळवून दिलेली नव्हती, हजारोंच्या पायपिटीने मिळवली होती. मला अधिक काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. 4 ऑक्टोबर 2024 रोजी विधानसभेचे उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनी आदिवासींच्या प्रश्नांकडे लक्ष वेधण्यासाठी मंत्रालयातल्या संरक्षक जाळीवर उडी घेतली. तेव्हा अधिवेशन चालू नव्हते. ज्याने सभागृह चालवायचे त्यालाच गाऱ्हाणे घेऊन जाळीवर उतरावे लागते, याचा अर्थ सभागृह फार कमी दिवस भरते आणि ते भरलेले नसताना सरकारला जाब विचारणारे कोणी उरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: तज्ज्ञांचे प्राधिकरण आणि न्यायालय हे काम अधिक चांगले करतात. डहाणूने तसा काळही पाहिला आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 1996 च्या आदेशाने नेमलेल्या, न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी अध्यक्ष असलेल्या प्राधिकरणाने 1998 मध्ये वाढवण बंदर नाकारले. या निर्णयाचे ऋण किनाऱ्यावरचे मच्छीमार आणि बागायतदार मानतात, आणि ते योग्यच आहे. पण धर्माधिकारी 2019 मध्ये गेले आणि 2023 मध्ये त्याच प्राधिकरणाने अटी घालून त्याच बंदराला परवानगी दिली. त्या सदस्यांना कोणी निवडून दिले नव्हते, त्यामुळे कोणी त्यांना पाडूही शकत नव्हते. जून 2024 मध्ये केंद्राने 76,220 कोटींच्या या बंदराला मंजुरी दिली. केंद्राचा प्रकल्प म्हणून विधानसभेने हात झटकावेत असेही नाही: त्यात जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाचा वाटा 74 टक्के असला तरी उरलेले 26 टक्के महाराष्ट्र सागरी मंडळाचे आहेत, म्हणजे राज्य सरकारचे. मासेमारीची जागा गमावणाऱ्यांना काय, किती आणि केव्हा मिळणार, हे पालघरच्या खासदाराने लोकसभेत विचारावे आणि त्या 26 टक्क्यांपुरते डहाणूच्या आमदाराने विधानसभेत. उत्तर कार्यवृत्तात आले की मग आश्वासन समितीच्या पुढच्या बैठकीत त्याचे काय झाले, हे वाढवणच्या किनाऱ्यावरच्या माणसालाही विचारता येईल.