मेंढपाळ कोणाचा?

नागपूरहून पूर्वेकडे निघालेली आगगाडी गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव, दुर्ग अशी स्थानके मागे टाकीत रायपुरास पोहोचते. वाटेत मराठी मागे पडते आणि छत्तीसगढी बोली कानी येऊ लागते. एकेकाळी हा सारा मुलूख मध्य प्रांतात मोडत असे आणि १९०३ साली स्थापन झालेल्या नागपूरच्या अँग्लिकन धर्मप्रांतात त्याचा समावेश होता. त्या धर्मप्रांताचे पहिले बिशप आयर्लंडहून आलेले होते. त्यांचे चरित्र वाचताना एक प्रश्न मनात उभा राहतो. परक्या देशातून आलेला आणि परक्या सत्तेच्या छायेत वावरणारा मनुष्य आपला मेंढपाळ होऊ शकतो काय?

आयर चॅटर्टन यांचा जन्म १८६३ सालचा. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात शिक्षण घेऊन ते तेथील विद्यापीठाच्या मिशनबरोबर छोटा नागपुरातील हजारीबागेस आले. पुढे नागपूरचे बिशपपद त्यांनी १९०३ ते १९२६ अशी तेवीस वर्षे सांभाळले. मध्य प्रांत, वऱ्हाड, मध्य भारत व राजपुताना एवढ्या अफाट प्रदेशाची देखरेख त्यांच्याकडे होती. ज्या भूमीत आपण राहतो तिचा इतिहास जाणून घेण्याची त्यांना आस्था होती. १९१६ साली त्यांनी गोंडवनाची कथा पुस्तकरूपाने लिहिली आणि १९२४ साली भारतातील इंग्लंडच्या मंडळीचा इतिहास प्रसिद्ध केला. आळसात किंवा सुखासीनतेत घालवलेले हे आयुष्य नव्हे.

तरीही दुसरी बाजू दृष्टीआड करता येत नाही. त्या काळी सरकारचे स्वतंत्र धर्मखाते होते. गोऱ्या शिपायांसाठी व अधिकाऱ्यांसाठी नेमलेल्या चॅप्लेनांचे वेतन हिंदुस्थानच्या तिजोरीतून दिले जाई. छावणी आणि सिव्हिल लाइन्स येथील उपासनामंदिरे याच व्यवस्थेची अपत्ये होत. छत्तीसगढच्या खेड्यांत मात्र शुभवर्तमान वेगळ्याच वाटेने शिरले होते. १८६८ साली जर्मन इव्हँजेलिकल मिशनचे ऑस्कर लोर यांनी बिश्रामपूर येथे कार्य आरंभिले. पिढ्यान्‌पिढ्या तुच्छ लेखलेल्या सतनामी शेतकऱ्यांमध्ये ते वावरले. म्हणजे बिशपांच्या नकाशावर रायपूर होते, पण रायपूरच्या आसपासच्या खेड्यांतील ख्रिस्ती माणूस बहुधा दुसऱ्याच कोणाचा हात धरून चालत होता.

यावर कोणी म्हणेल, “आज एवढ्या वर्षांनी दोष काढणे सोपे आहे. घरदार सोडून सातासमुद्रापलीकडे आलेल्या माणसाची सेवा केवळ त्याच्या देशाच्या झेंड्यामुळे खोटी ठरते काय?” आक्षेप रास्त आहे. ती सेवा खोटी ठरत नाही. परंतु सेवा करणे आणि स्नेह करणे यांत अंतर आहे. वरच्या पायरीवर उभे राहूनही सेवा करता येते. स्नेहासाठी मात्र शेजारी येऊन बसावे लागते. १९१० साली एडिनबरो येथील जागतिक मिशनरी परिषदेत व्ही. एस. अझरिया यांनी नेमके हेच गाऱ्हाणे मांडले. मिशनऱ्यांच्या त्यागाबद्दल त्यांनी कृतज्ञता व्यक्त केली, आणि उणीव दाखवली ती मैत्रीची. पुढे दोनच वर्षांनी, १९१२ साली, हेच अझरिया दोर्नकल येथे अँग्लिकन मंडळीचे पहिले भारतीय बिशप झाले.

शेजारी बसण्याने काय घडते, याचा दाखला याच लोहमार्गावर सापडतो. नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावास निघाले असता गाडीत त्यांना एक परदेशी गृहस्थ भेटले. त्यांनी सौजन्याने टिळकांशी संस्कृत साहित्याविषयी संभाषण केले आणि निरोप घेताना नव्या कराराची प्रत दिली. टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला. त्या सहप्रवाशाच्या हाती बिशपांचा दंड नव्हता. समोरच्या माणसाच्या विद्येचा आदर त्याच्यापाशी होता, आणि त्या आदरापोटी दिलेले पुस्तक वाचले गेले.

याचा अर्थ अधिकारपद आणि स्नेह एकत्र नांदूच शकत नाहीत असा नव्हे. चॅटर्टन यांच्यानंतर नागपूरचे बिशप झालेले स्कॉटलंडचे अ‍ॅलेक्स वुड यांनी पूर्वी चांद्याला, आपल्या मराठी मुलखात, दीर्घकाळ मिशनरी म्हणून कार्य केले होते. त्यांची ओळख आधी माणसांशी झाली. पद मागाहून आले. चॅटर्टन यांनी या मावळत्या वारसदाराचे चरित्र स्वतः लिहिले, ही गोष्टही लक्षात घेण्याजोगी आहे.

पुढे काळ पालटला. १९३० साली भारतातील अँग्लिकन मंडळी इंग्लंडच्या मंडळीपासून कायद्याने स्वतंत्र झाली. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरातच उत्तर भारताची मंडळी स्थापन झाली आणि निरनिराळ्या मिशनांची लेकरे एका छपराखाली आली. आज रायपूर हे छत्तीसगढ धर्मप्रांताचे केंद्र आहे. बिशप आपलेच आहेत, भाषाही आपलीच आहे.

मग आरंभीचा प्रश्न सुटला काय? वाचकहो, येथेच आपण स्वतःला तपासावयास हवे. परकेपणा केवळ कातडीच्या रंगात नसतो. मालमत्तेचे तंटे आणि निवडणुकांची धामधूम यांत गुंतलेला आपलाच माणूस आपल्याच मंडळीला साहेबाइतका दूर वाटू शकतो. उत्तम मेंढपाळाविषयी बोलताना प्रभूने त्याची विद्वत्ता किंवा कुळ सांगितले नाही. तो आपल्या मेंढरांना नावाने हाक मारतो, हे सांगितले. आयर्लंडच्या बिशपांस आपण हा प्रश्न विचारतो, तेव्हा तो पाळकांना, वडिलांना, शिक्षकांना, रुग्णालयातील सेवकांना, आणि हो, आपणा स्वतःलाही विचारला पाहिजे. ज्यांची सेवा केल्याचे समाधान आपण मानतो, त्यांच्यापैकी कितीजणांच्या घरी आपण पाणी प्यायलो आहोत? त्यांतील कितीजणांची नावे आपणांस ठाऊक आहेत?