धर्माची आज्ञा आणि घराचा आग्रह

डिसेंबर २०२३ मध्ये रोमच्या धर्मसिद्धांत विभागाने, तेव्हाचे पोप फ्रान्सिस यांच्या संमतीने, एक निवेदन प्रसिद्ध केले. समलिंगी जोडप्याने आशीर्वाद मागितला तर धर्मगुरूला तो देता येईल, मात्र तो विवाहविधीसारखा भासता कामा नये, असा त्याचा आशय. बेल्जियमच्या फ्लेमिश धर्माध्यक्षांनी २०२२ मध्येच अशा जोडप्यांसाठी प्रार्थना सुचविली होती. उलट, आफ्रिकेतील धर्माध्यक्षांनी जानेवारी २०२४ मध्ये असे आशीर्वाद आपल्याकडे उचित नाहीत असे कळविले आणि बायबलबरोबर आपल्या संस्कृतीचाही दाखला दिला. श्रद्धा एक, उत्तरे दोन.

हा मतभेद आम्ही दुरून पाहतो. परंतु धर्म कोठे संपतो आणि रूढी कोठे सुरू होते, हा प्रश्न आपल्याही ओटीवर येऊन बसलेला आहे.

१९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथाला समलिंगी संबंध मान्य नाहीत. ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण त्याच ठिकाणी अशा व्यक्तींचा आदराने व करुणेने स्वीकार करावा, त्यांच्याशी अन्याय्य भेदभाव करू नये, असे सांगून त्यांना शुद्धतेच्या जीवनाचे आवाहन केले आहे. 'लग्न कर म्हणजे सुटशील' असे तेथे कोठेही म्हटलेले नाही. ते आम्ही म्हणतो. मुलगा तिशीकडे झुकला की मावश्या स्थळे आणू लागतात. त्याने चाचरत मनातले सांगितलेच, तर आधी रडारड, मग नोव्हेना, आणि शेवटी ठरते की संसाराला लागला की सारे सुरळीत होईल. व्रतस्थ धर्मगुरूंचा आणि धर्मभगिनींचा एवढा अभिमान बाळगणाऱ्या समाजाला घरातला अविवाहित मुलगा मात्र लाजिरवाणा वाटावा, हे नवलच!

२०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ कायम ठेवले, तेव्हा मुंबईचे तत्कालीन आर्चबिशप कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस यांनी, ख्रिस्तसभेने समलिंगी व्यक्तींना कधीच गुन्हेगार मानलेले नाही, असे म्हटले होते. २०१८ मध्ये प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते ते कलम रद्दबातलही झाले. घरातला कायदा तसाच राहिला.

आणि ती मुलगी? या सर्व खटाटोपात तिचा विचार कोणी करीत नाही. वर्षानुवर्षे ती आपल्याच रूपात, आपल्याच स्वभावात खोट शोधीत राहते. माहेरी गेली की 'गोड बातमी कधी?' म्हणून विचारणा होते, आणि उत्तर तिच्यापाशी नसते. एकाची लाज राखण्यासाठी दुसरीचे आयुष्य खर्ची घालण्याची मुभा कोणत्या धर्माने दिली? ख्रिस्तसभेच्या कायद्यानुसार विवाह घडतो तो उभयतांच्या मुक्त संमतीने. बळजबरीने किंवा गंभीर भयापोटी झालेला विवाह वैध ठरत नाही.

म्हणून तर लग्नापूर्वी धर्मगुरू वधूवरांना वेगवेगळे बसवून विचारतात, 'तू स्वखुशीने हे लग्न करीत आहेस ना?' बाहेर बाकावर आईवडील बसलेले असतात. मंडप सांगून झालेला असतो, पत्रिका वाटून झालेल्या असतात. मुलगा क्षणभर दाराकडे पाहतो आणि 'हो, फादर' म्हणतो.