घोडा, दोरी आणि मालकीणबाईंचा मुलगा

गेल्या दिवाळीत एका समीक्षक मित्राचा लेख वाचला आणि फराळाची चव गेली. मोलकरणीने केलेली चोरी हा मुळात उठावच असतो, असा त्यांचा सिद्धांत. पुराव्यादाखल त्यांनी उभी केली इंग्लंडातली मार्गारेट कॅचपोल. प्रियकरासाठी मालकाचा घोडा पळवणारी, दोनदा फाशीच्या तोंडातून सुटणारी आणि शेवटी ऑस्ट्रेलियात हद्दपार होऊन तिथे सुखाचा संसार थाटणारी. मित्रवर्यांचा व्यासंग दांडगा. पण या बाबतीत तो एका कादंबरीपाशीच थांबलेला दिसतो. आणि ती कादंबरी लिहिली कुणी? ज्याचा घोडा गेला, त्याच्याच मुलाने.

रिचर्ड कॉबोल्ड. इप्सविचच्या बिअर कारखानदाराचा मुलगा, पुढे पाद्री झाला. जन्म १७९७चा, म्हणजे घोडा गेला त्याच वर्षीचा. १८४५ साली त्याने मार्गारेटची ‘खरी’ हकिगत छापली आणि ती धडाक्याने खपली. त्यात त्याने तिला एक चोरटा व्यापार करणारा प्रियकर दिला, वसाहतीत पोचल्यावर नवराही दिला. प्रत्यक्षात बाई अखेरपर्यंत अविवाहित राहिली. पण मोलकरणीने घोडा पळवला तर त्यामागे कुणीतरी पुरुष असलाच पाहिजे, हे मालकाच्या घरात वाढलेल्या मुलाला सांगावं लागत नाही.

आता कादंबरी बाजूला ठेवू. मार्गारेट १७६२ची, सफोकमधली, नांगऱ्याच्या घरात वाढलेली. १७९३ साली ती कॉबोल्डांकडे लागली. मुलं सांभाळायची, स्वयंपाकघरात हाताखाली राबायचं. लिहिणं-वाचणं तिथेच शिकली. दोन वर्षांनी काम सुटलं, मग आजारपण आणि बेकारी. २३ मे १७९७च्या रात्री तिने जुन्या मालकाच्या बग्गीचा घोडा काढला आणि ७० मैलांवरचं लंडन १० तासांत गाठलं. तिथे पकडली गेली. खटल्यात तिने गुन्हा कबूल केला. शिक्षा फाशी, ती कमी होऊन सात वर्षं हद्दपारी.

यात उठाव कुठे आहे? रिकाम्या पोटी माणूस जे करतो ते तिने केलं, आणि ओळखीच्या तबेल्यात केलं. गरिबाच्या प्रत्येक चोरीला क्रांतीचा टिळा लावणारे विद्वान मला नेहमी संशयास्पद वाटतात; त्यांच्या स्वतःच्या कपाटाला कुलूप असतंच. डेबोरा ऑक्सली या इतिहासकार बाईंनी न्यू साउथ वेल्सला पाठवलेल्या स्त्री-कैद्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा निघाल्या त्या बहुतांशी साध्या कामकरी बायका, त्यातही घरकाम करणाऱ्या पुष्कळ. उठाव करणाऱ्या नव्हेत, आणि सरकारी अंमलदार म्हणत तशा बदफैलीही नव्हेत.

इथवर मी मित्राच्या विरोधात आहे. पण मार्गारेटची गोष्ट इथे संपत नाही, आणि पुढे गेलं की मला थोडं त्यांच्याकडे सरकावं लागतं.

तीन वर्षं ती इप्सविचच्या तुरुंगातच होती. मार्च १८००मध्ये तिने कपडे वाळत घालायची दोरी घेतली आणि वर खिळे ठोकलेली २२ फुटी भिंत ओलांडली. जन्मभर दुसऱ्यांचं धुणं ज्या दोरीवर पडलं, तिचा हा उपयोग! समुद्रकिनाऱ्यावर पुन्हा सापडली. पुन्हा फाशी, पुन्हा सूट. पण आता हद्दपारी जन्माची. घोड्याला सात वर्षं आणि पळण्याला जन्मठेप, असा हा हिशेब. सरकारला खरा उठाव कुठला वाटला, हे सरकारनेच सांगून टाकलंय. मित्रवर्य, तुमचा उठाव तबेल्यात नव्हता, भिंतीवर होता. आणि त्या भिंतीवरही कॉबोल्डने प्रियकराची सावली पाडून ठेवली.

डिसेंबर १८०१मध्ये ती सिडनीला उतरली आणि नेमून दिलेलं काम काय, तर स्वयंपाक! तोही जॉन पामरकडे. पामर म्हणजे वसाहतीच्या सरकारी कोठाराचा प्रमुख. साऱ्या वस्तीचं धान्य त्याच्या ताब्यात. त्याच्या चुलीपाशी दोनदा फाशी झालेली घोडाचोर. तिच्याआधी १७९२मध्ये आलेली मेरी रीबीही घोडाचोरीतलीच, अटकेच्या वेळी मुलाच्या वेषात होती. तिला मुलं सांभाळायला ठेवली ती उपगव्हर्नर ग्रोसच्या घरी. (रीबी पुढे बडी व्यापारी झाली, आज ऑस्ट्रेलियाच्या २० डॉलरच्या नोटेवर आहे.) इंग्लंडात ज्यांच्या हाती तबेला सुरक्षित नव्हता, त्यांच्या हाती तिकडे लेकरं आणि जेवण सुरक्षित झालं. सहा महिन्यांच्या समुद्रप्रवासाने चारित्र्य सुधारत नाही. तिकडे हात कमी होते, एवढंच. महाबळेश्वरलाही एकेकाळी पूर्वेकडून आणलेले चिनी कैदी भाजीपाला पिकवीत. तिथे कुणी त्यांचं चारित्र्य विचारलं नाही.

म्हणून ‘विश्वासघात’ म्हटलं की मी सावध होतो. नोकराची चोरी जास्त वाईट, कारण तिथे विश्वास तुटतो, असं कायदा मानतो. १८६०च्या भारतीय दंडविधानात साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद होती, नोकराने मालकाची वस्तू चोरली तर सात. नव्या न्याय संहितेतही कलम ३०६ने ते सातच ठेवले. मालकाने नोकराची वस्तू चोरली तर? त्याच्यासाठी असं वेगळं कलम नाही. विश्वास एकाच बाजूने तुटतो, असं दिसतं.

आमच्या सोसायटीच्या फाटकावर वॉचमन कामाच्या बायकांच्या पिशव्या उघडून बघतो. डब्याचं झाकणसुद्धा काढायला लावतो. त्यातल्या एका मावशींच्या कमरेला तीन फ्लॅटच्या लॅच-की असतात, आणि त्यांतल्या एका घरात त्या सकाळपासून आठ महिन्यांचं बाळ सांभाळतात. बाळाच्या आईने सभेत तपासणीच्या बाजूने हात वर केला होता. तिला दुष्ट म्हणणं सोपं आहे. तिला नऊ वाजताची लोकल गाठायची असते, म्हणून बाळ मावशींकडे. आणि मावशी गरीब आहेत, म्हणून डबा उघडा.

मार्गारेटला १८१४मध्ये माफी मिळाली. ती इंग्लंडला परतली नाही. हॉक्सबरी नदीकाठी थोडी शेती, एक दुकान आणि सुईणपण करत राहिली, आणि १८१९मध्ये एका आजाऱ्याची शुश्रूषा करताना तापाने गेली. कॉबोल्डबाईंना ती तिकडून पत्रं लिहीत असे, वेड्यावाकड्या स्पेलिंगात. १८०६च्या महापुराची तिची हकिगत इतिहासकार आजही वाचतात. मित्राने पुढचा लेख लिहिण्याआधी तीही वाचावी. तीत प्रियकर नाही.