फुकटचा डबा आणि प्रसाद



चहाच्या पुड्यात चमचा, चार साबणांवर पाचवा, दुकानात साठलेल्या गुणांवर डबा, आणि आता मोबाईलवर बक्षिसाचे कार्ड. सांप्रत 'फुकट' हा शब्द घरोघर पाहुण्यासारखा येऊन बसला आहे. कीर्तन झाल्यावर मायमाउल्या आम्हांस विचारतात, "महाराज, कूपने जमवून भांडी मिळवली, तर त्यात पाप का?" प्रश्न प्रामाणिक आहे, उत्तरही सरळ दिले पाहिजे.

पाप मुळीच नाही. तुटपुंज्या मिळकतीत जी माउली कात्रीने कूपन कापून चार पैसे राखते, ती लोभी नव्हे. ती संसार राखणारी आहे. मात्र विवेक हवा.

अहो, व्यापारी डबा देतो तो दान म्हणून नव्हे. त्याची किंमत मालात धरलेली असते, किंवा गिऱ्हाईक बांधून ठेवण्याचा तो खर्च असतो. हिशेब करून बघा. समजा, १०० रुपयांच्या खरेदीस एक गुण, आणि गुणाचे मोल २५ पैसे. मग २५० रुपयांच्या डब्यास १,००० गुण, म्हणजे १ लाख रुपयांची खरेदी! ती घरास लागणारीच असेल तर डबा हा लाभ. डब्यासाठीच केली असेल तर इतका महाग डबा त्रिभुवनात सापडायचा नाही.

कायद्यानेही हे ओळखले आहे. किंमत व्यवहारातच पूर्ण वा अंशतः वसूल करून वस्तू फुकट दिल्याचा भास निर्माण करणे, ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. तक्रारीस १९१५ हा क्रमांक आहे. आणि "बक्षीस लागले, ओटीपी सांगा" असे कोणी म्हणाला, तर तो ठगच समजावा. ओटीपी सांगू नये. पैसे गेलेच तर लाजून गप्प न बसता तत्काळ १९३० वर कळवावे.

शिवाजी महाराजांचा नजराणा तुकोबारायांनी परत पाठविला, ही कथा आपण सारे ऐकत आलो. देणारा थोर होता, वस्तूही वाईट नव्हत्या. पण घेतल्याने मन कोठे गुंतेल, हे तुकोबांनी पाहिले. पतंजलींनी पाच यमांत अपरिग्रह घातला, तोही याचसाठी. आपण प्रापंचिक, आपणांस सर्व सोडणे साधणार नाही. पण कूपन हाती आले की मनास तीन गोष्टी पुसाव्या: हे नसते तर ही वस्तू घेतली असती काय? ही घरात आधीच आहे काय? हिच्यासाठी आपले काय मागतात? उत्तरे मिळेतो पिशवी उचलू नये.

खरे फुकट पाहायचे तर वारीची वाट पाहा. गावोगावची माणसे पिठलं-भाकरी वाढतात. तेथे ना गुण, ना मुदत, ना नाव-नंबर. ज्याला परतीची अपेक्षा नाही, तोच प्रसाद. म्हणून आमची एकच विनंती: वर्षभरात घरी आलेले जादा डबे, बादल्या, पातेली माळ्यावर न कोंबता आषाढीपूर्वी आपल्या दिंडीच्या स्वयंपाकास द्या. गिऱ्हाईक बांधण्यासाठी आलेली वस्तू वारकऱ्याच्या पंगतीत लागली, की तिचाही प्रसाद होतो.

रामकृष्णहरि!